मेहुण्याची मिशी

माझा मेहुणा हरिहर अमरावतीला शाळेत भूगोल शिकवायचा, पण त्याचा भूगोल जमिनीवर फारसा टिकत नसे. एकसष्ट साली गागारिन पृथ्वीभोवती फेरी मारून सुखरूप उतरला, तेव्हा या गृहस्थानं सगळ्या आळीत पेढे वाटले. दोन वर्षांनी रशियाची एक बाई वर गेली, तर त्यानं आपल्या बहिणीला, म्हणजे माझ्या रमेला, साडी पाठवली. आभाळात गेली रशियाची बाई, साडी अकोल्याच्या बाईला! मी वकील माणूस. मला यातलं नातं काही कळलं नाही. साडी मात्र चांगली होती.

सदुसष्टच्या एप्रिलअखेर अकोल्याला आमच्या शालूचं लग्न होतं. मुलगा मोर्शीचा, मुहूर्त गोरज. नवरीच्या पाठीशी मामा उभा राहतो, तेव्हा हरिहर येणारच होता. त्याच्याजवळ राहणाऱ्या माझ्या सासूबाईंनी, गोदावरीबाईंनी, मात्र साफ नाही म्हटलं. त्या जुन्या वळणाच्या विधवा. डोक्याचे केस काढलेले, अंगावर लाल आलवण. "शुभकार्यात माझं तोंड कायले?" असा निरोप आला. आजीच्या हातून अक्षता पडाव्यात, एवढंच शालूचं मागणं होतं. पोरीनं रडून डोळे सुजवले, पण सासूबाई हलल्या नाहीत.

लग्नाच्या दिवशी सकाळी हरिहर बसमधून उतरून थेट मांडवात आला. टोपी काढून त्यानं घाम पुसला आणि सगळा मांडव त्याच्याकडे बघायला लागला. डोक्याचा गोटा, आणि ती झुपकेदार मिशी साफ! आमच्यात आईबाप गेल्याशिवाय पुरुष मिशी काढत नाही. वडील तर केव्हाच गेलेले. रमा "आई गं!" म्हणून खालीच बसली.

"अवं, आई चांगली आहे," हरिहर गडबडून म्हणाला. "कोमारोव्ह गेला. रशियाचा. यान खाली येताना पॅराशूटच्या दोऱ्या गुंतल्या. वरून धाडकन जमिनीवर. पेपरात वाचलं, अन् मले राहवलंच नाही."

मुलाचे आजोबा चिंतामणराव माझ्याकडे वळले. "वकीलसाहेब, लगन उरकेपर्यंत मयत झाकून ठेवतात, ते आमाले का माईत नाही? तुमच्या बायकोले तीन दिवसांचं सुतक. ते कन्यादानाले बसन कशी?"

असं झाकणारी घरं मलाही माहीत होती. खरं सांगणारा आणि झाकणारा, दोघंही "आई चांगली आहे" असंच म्हणणार. हरिहरला कोपऱ्यात घेऊन मी तोंडाला येईल ते बोललो. दारात शालू उभी होती, अंगाला हळद लागलेली, आणि इथे लग्न मोडायची वेळ आलेली.

"आजीबाई सोता दिसल्या, तरच मुहूर्त," चिंतामणरावांनी निकाल दिला. त्यांचीच जीप, त्यांचाच माणूस अमरावतीला निघाला. हरिहरला सोबत जाऊ दिलं नाही. साक्षीदार पढवायची सोयच नको!

उन्हं कलली, वाजंत्रीवाले पेंगायला लागले, भटजी तीनदा चहा प्यायले. मुहूर्त टळतो की काय, असं झालं तेव्हा जीप आली. सासूबाई आलवण सावरत उतरल्या आणि मांडवाच्या बाहेरच थांबल्या.

चिंतामणरावांनी हात जोडले. "आजीबाई, परक्यासाठी तुमच्या पोरानं हे काय येडेपण केलं?"

म्हातारीनं पोराच्या डोक्याकडे पाहिलं. "त्या माणसालेही माय असन," ती म्हणाली. "माझे केस काढले, तवा मले कोनं इचारलं होतं? यानं आपल्या मनानं काढले. काढू द्या."

सासूबाई परत जीपकडे वळल्या. "पाहिलं ना? आता जाते मी."

पण मागच्या पाहुण्यांना काहीच दिसलं नव्हतं. "आहे का नाही जिती?" अशी कुजबुज तिकडे सुरूच होती. चिंतामणराव लगबगीनं आडवे आले. "जाता कुठं? पुढं बसा. अंतरपाटाजवळ. सगळ्याइले दिसलं पाह्यजे, नाहीतर उद्या मोर्शीत लोक मलेच धरतीन."

आणि सवाष्णींच्या पुढे गोदावरीबाईंचा पाट मांडला गेला. सकाळी कोणी हे सुचवलं असतं, तर याच म्हाताऱ्यानं मांडव डोक्यावर घेतला असता.

हरिहर टोपी घालून शालूच्या मागे उभा राहिला. मंगलाष्टकं सुरू झाली. शालूनं मान खाली घालायची सोडून आजीकडे पाहिलं आणि ती हुंदके द्यायला लागली. सासूबाईंच्या हातात कोणीतरी अक्षता दिल्या होत्या, पण त्यांची मूठ काही उघडेना. त्या चहूकडे बघत राहिल्या.

"टाका ना, आजीबाई," चिंतामणराव वैतागून म्हणाले. "लोक पाहून राह्यले."

तेव्हा त्यांनी मूठ उघडली. अर्ध्या अक्षता शालूवर टाकल्या, अर्ध्या हरिहरच्या टोपीवर.