संत्र्यांची पाण्यातली परीक्षा

गणपतराव धान्याचे व्यापारी. उभा जन्म ज्वारी-गव्हात गेला, पण अडुसष्ट साली नागपुरातल्या एका फळप्रदर्शनाचं अध्यक्षपद गळ्यात पडलं आणि गृहस्थ रातोरात संत्र्यांचेही जाणकार झाले. खुर्चीवर बसायला डोकं लागत नाही, हे कळमेश्वर गावाहून संत्री घेऊन आलेल्या गोपिकेला त्या दिवशी चांगलंच उमगलं.

तिला बक्षीस हवंच होतं. नवऱ्यामागे तिने जंबेरी लिंबाच्या खुंटांवर स्वतःच्या हाताने संत्र्याचे डोळे बांधून कलमं केली होती आणि चाळीस झाडं वाढवली होती. "बाईच्या हातची कलमं!" म्हणून धाकटा दीर चंपतराव नाक मुरडायचा. यंदा तर त्याने बजावलंच होतं, बक्षीस मिळालं तर झाडं राहतील, नाहीतर तोडून तिथे कपाशी. निकाल पाहायला तो जातीने हजर होता.

मांडवात पाण्याने भरलेलं टाकं होतं. गणपतराव त्याच्यापुढे छाती काढून उभे राहिले.

"पेरायच्या बियाले जे लागू, तेच फळाले लागू. पोचं बी वर येते, भरलेलं खाली बसते. टाका!"

गोपिकेची संत्री तरंगली. खरं तर सगळ्यांचीच तरंगली. बुडाली ती फक्त मधुकरराव मालगुजारांची. झाडाखाली गळून पडलेली, साल तडकलेली फळं त्यांनी तेलाच्या बोटाने पुसून चमकवून आणली होती. भेगांतून पाणी शिरलं आणि ती तळाला जाऊन बसली.

"पाहा!" गणपतराव म्हणाले. "याले म्हणतात भरलेलं फळ."

गोपिकेच्या अंगाचा तिळपापड झाला.

"साहेब, आपल्या संत्र्याची साल ढिली असते. सालीच्या अन् फोडीच्या मधात हवा राहते, ती त्याले वर धरते. हे पोचं नाही."

तिने आपलंच एक संत्रं सोललं आणि टाक्यात सोडलं. ते सरळ खाली गेलं.

"आता काहून बुडलं? साल काढल्यावर भरलं काय हे?"

मांडवात हशा पिकला. गणपतरावांचे कान लाल झाले. पण चूक कबूल करायला जो मोठेपणा लागतो, तो माल त्यांच्या दुकानात कधी आलाच नव्हता.

"सोललेलं फळ नियमात बसत नाही," असं म्हणत त्यांनी पहिलं बक्षीस मालगुजारांना देऊन टाकलं.

आता तिथली रीत अशी की, पहिलं आलेलं फळ अध्यक्षांनी सगळ्यांसमोर खायचं. गणपतरावांनी साल काढली तसा आंबूस वास पुढच्या रांगेपर्यंत आला. त्यांनी फोड तोंडात टाकली, डोळे गच्च मिटले आणि कशीबशी गिळली.

"वा! मध आहे, मध!"

"मंग अजून एक घ्या ना, गणपतराव!" मागून कोणीतरी ओरडलं. त्यांनी तीही खाल्ली. आब राखायला माणूस काय काय पोटात घालतो!

ते तोंड पाहून चंपतराव पोट धरून हसला. मग टाक्यात हात घालून त्याने गोपिकेचं सोललेलं संत्रं काढलं आणि फोड तोंडात टाकली. त्याचं हसू थांबलं. त्याने दुसरी फोड खाल्ली, मग तिसरी.

"वयनी, झाडं नाही तोडत मी," तो उदार होऊन म्हणाला. "लय गोड आहेत वं."

झाडं वाचली. गोपिकेला आनंद व्हायला हवा होता. झाला तो संताप.

"तीन वर्षं याच झाडांची संत्री घरी बसून खाऊन राहिले तुमी, भाऊजी," ती म्हणाली. "तवा जीभ कुठं ठेवली होती?"