काचेतली खाडाखोड

भागवत तसा खोटारडा माणूस नव्हता. पण जे एक खोटं बोलला ते माईकवर बोलला, आणि तिथेच सगळा घोटाळा झाला.

नांदेडला घर आणि भोकरला शाळा, त्यामुळे रोजचं अपडाऊन. एसटीत खिडकीजवळची जागा मिळाली की तो मोबाईल काढायचा आणि अंगठ्याने लिहीत बसायचा. शेजारच्याला वाटायचं, मास्तर बायकोशी चॅटिंग करतायत. असा अंगठा झिजवून त्याची कादंबरी झाली. तिला कागद असा लागलाच नाही. प्रकाशकाकडेही ती मोबाईलवरूनच गेली. पुढे लातूरच्या एका साहित्य मंडळाने तिला पुरस्कार दिला. त्या समारंभात मंडळाचे अध्यक्ष विरूपाक्षअप्पा मोबाईलवर घसरले. या डबड्याने पोरांची भाषा नासवली, शाईने बोटं माखल्याशिवाय लेखन होत नसतं, असं बरंच बोलले आणि शेवटी भागवतकडे वळून त्यांनी विचारलं, तुम्ही कशाने लिहिता?

पुरस्कार देणाऱ्या म्हाताऱ्या माणसाला भर सभेत तोंडावर कसं पाडायचं? भागवत म्हणाला, "शाईपेनाने. दोनदा खोडून तिसऱ्यांदा लिहितो, तेव्हा कुठं मनासारखं होतं."

पुरस्काराला पडल्या नव्हत्या एवढ्या टाळ्या या वाक्याला पडल्या. माणसाला टाळ्यांची चटक लागायला वेळ लागत नाही. त्यानंतर जिथे बोलावणं येईल तिथे भागवत शाईपेनाचं कीर्तन करू लागला, आणि येताना एसटीत बसून मोबाईलवर नव्या कादंबरीचं पुढचं प्रकरण लिहू लागला.

अशाच एका कथा कार्यशाळेत लातूरला लुंबिनी भेटली. ती चाकूरकडे कृषी सहायक होती. शेतकऱ्यांची वाट बघत बांधावर बसायला लागायचं, तेवढ्या वेळात तिने मोबाईलवर कथा लिहिली होती. जन्मभर रानात राबलेल्या आणि सातबाऱ्यावर नाव नसलेल्या एका बाईची. मोबाईलमध्ये बघून ती वाचू लागली. कथा चांगली होती. हे भागवतला पहिल्या दोन-चार वाक्यांतच कळलं, आणि खरं सांगायचं तर ते त्याला जरा टोचलं. त्याने तिला मध्येच थांबवलं.

"ताई, हा मेसेज झाला," तो माईकवर म्हणाला. "कागदावर उतरवून आणा, मग कथा म्हणू."

सगळे हसले. लुंबिनीने मोबाईल पर्समध्ये टाकला आणि ती खाली बसली. जेवणाच्या सुट्टीत भागवतने तिला शोधलं, पण ती निघून गेली होती. बरंच झालं, असंही त्याला वाटून गेलं.

उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या आणि अप्पांचा फोन आला. मंडळ मराठवाड्यातल्या लेखकांच्या हस्तलिखितांचं प्रदर्शन भरवत होतं. तुमच्या कादंबरीची मूळ पानं हवीत, अप्पा म्हणाले, खाडाखोडीसकट हवीत, नव्या पोरांना लेखकाची मेहनत दिसू द्या. वाळवीने खाल्ली म्हणता आलं असतं. पुरात गेली म्हणता आलं असतं. भागवत म्हणाला, "देतो की."

मग कूलरसमोर मांडी ठोकून तो आपलीच छापलेली कादंबरी कागदावर उतरवू लागला. पण उतरवलेलं पान स्वच्छ दिसायचं, आठवीतल्या हुशार मुलीच्या वहीसारखं. म्हणून तो आधी मुद्दाम एखादं रद्दड वाक्य जुळवायचा, ते लिहायचा, त्यावर काट मारायचा आणि मग वर छापलेलं वाक्य लिहायचा. एकदा तर मुद्दाम शोधलेला वाईट शब्द छापलेल्यापेक्षा बरा निघाला. त्यावरही त्याला काट मारावी लागली, कारण पुस्तक छापून झालं होतं. त्या दिवशी त्याने पुढे काही लिहिलं नाही.

पानं जुनी दिसावीत म्हणून त्याने ती चहाच्या पाण्यात बुडवली आणि गच्चीवर उज्वलाच्या कुरडयांशेजारी वाळत घातली. तिने विचारलं, हे काय आहे? त्याने सांगितलं. बायकोपासून लपवण्याएवढा तो निर्ढावला नव्हता. उज्वलाने एक पान उचलून उन्हात धरलं.

"शाळेत एखाद्या पोरानं असं केलं तर काय करता?" तिने विचारलं.

वारा सुटला होता, पानांवर ठेवायला तो खडे शोधू लागला.

प्रदर्शनाच्या दिवशी लातूरच्या हॉलमध्ये त्याची पानं काचेत मांडली होती. पोरं वाकून वाकून बघत होती, त्या खाडाखोडीचे मोबाईलवर फोटो काढत होती. गर्दी सरली तरी एक बाई काचेपाशी तशीच उभी होती. भागवतने तिला ओळखलं.

"नमस्कार सर," लुंबिनी म्हणाली. "मघापासून हेच बघून राहिले. एका 'आभाळ' शब्दासाठी तुम्ही कितीदा खोडलंय. माझ्या डोक्यात एकदाच येतं, आन् तसंच लिहून जाते मी. तुम्ही सांगितल्यावर वही आणली होती. लई बसले. कागद समोर आला की काहीच सुचत न्हाई. आज हे बघितलं आन् कळलं, आपलं हे कामच न्हाई."

तिच्या बोलण्यात तक्रार नव्हती. तक्रार असती तर त्याला सोसली असती. 'आभाळा'ची ती खाडाखोड त्याने टरबूज खात केली होती. आता त्याला स्वतःची इतकी लाज वाटली की तिच्याकडे बघवेना.

तो तिला व्हरांड्यात घेऊन गेला आणि सगळं सांगून टाकलं. एसटी, अंगठा, चहाचं पाणी, सगळं. तुमची कथा चांगली होती हेही सांगितलं. ती ऐकून घेत राहिली. तो आपली समजूत काढतोय असंच तिला वाटत असावं, म्हणून त्याने मोबाईल काढून कादंबरीचा मूळ मजकूर तिच्यापुढे धरला. ती बराच वेळ तो वर-खाली सरकवत राहिली. मग मोबाईल तिने त्याच्या हातात दिला.

"लोक मला हसले ते तुमच्या माईकवरच्या बोलण्याने हसले, सर," ती म्हणाली. "हे तुम्ही व्हरांड्यात सांगून राहिलात."

"आज माईकवरच सांगतो," भागवत म्हणाला. आणि बोलला ते अगदी मनापासून बोलला.

थोड्या वेळाने हॉलमध्ये भाषणं सुरू झाली आणि अप्पांनी त्याचं नाव पुकारलं. तो उभा राहिला. पहिल्या रांगेत अप्पा कानामागे हात धरून बसले होते, मागे लुंबिनी. "मला आज एक गोष्ट सांगायची आहे," त्याने सुरुवात केली, आणि हॉल शांत झाला. त्याने अप्पांकडे बघितलं. मग जे बाहेर पडलं ते असं, की साधन महत्त्वाचं नसतं. मी स्वतः हाताने लिहिणारा माणूस असलो, तरी मोबाईलवर लिहिणाऱ्यांनाही मी लेखकच मानतो.

टाळ्यांचा कडकडाट झाला. केवढं मोठं मन, अशा नजरेने अप्पांनी मान डोलावली. क्षणभर भागवतलाही वाटलं, चला, थोडंफार सांगितलंच की आपण.

कुणाला काही विचारायचंय का, असं अप्पांनी विचारलं. लुंबिनी उठून उभी राहिली.

"सर, ही कादंबरी तुम्ही कशावर लिहिली?"

अप्पा खुर्चीतल्या खुर्चीत मागे वळले. "अगं बाई, ते काय तिथं काचेत ठेवलंय की."

हॉल हसला. लुंबिनी कुणाकडेच बघत नव्हती, फक्त भागवतकडे बघत होती. माईक त्याच्या हातात होता, चालू होता, आणि एका शब्दात उत्तर देता येत होतं. हॉल अजून हसतच होता. त्यांच्याबरोबर भागवतही हसला.

लुंबिनी तशीच उभी होती.