बिनविरोध विजेती

शाल्मली देशकर सलग पाच वर्षं यवतमाळ जिल्ह्याची ब्रेस्टस्ट्रोक विजेती होती आणि या पाच वर्षांत तिनं एकाही माणसाला हरवलं नव्हतं. अख्ख्या जिल्ह्यात स्पर्धेला बेडकासारखी पोहणारी मुलगी ती एकटीच. शिट्टी वाजायची, ती एकटी उडी मारायची, दोन फेऱ्या मारून एकटीच परत यायची आणि प्रशिक्षक भावसिंग सर गंभीर चेहऱ्यानं तिचा पहिला नंबर जाहीर करायचे. मग ती विभागीय स्पर्धेला अमरावतीला जायची आणि तिथे आठांत आठवी यायची. पाचही वेळा. आपल्या मागे कुणीतरी राहिलंय, हे दृश्य तिनं पाण्यात कधी पाहिलंच नव्हतं. बारावीच्या त्या शेवटच्या वर्षी तिला तेवढंच पाहायचं होतं. पदक गेलं चुलीत.

शेवटचं वर्ष अशासाठी, की तिच्या वडिलांनी, वामनरावांनी, तसं सांगून टाकलं होतं. ते कापूस खरेदी केंद्रावर ग्रेडर होते. साल दोन हजार पाच. भाव पडलेले, केंद्राबाहेर बैलगाड्यांची रांग, आणि मूठभर कापूस चिमटून पाहून ‘दुसरा दर्जा’ म्हणायचं काम यांच्याकडे. दिवसभर शिव्या खाऊन माणूस घरी यायचा तो मुकाट जेवायचा. एकदा एवढंच म्हणाला, “बारावी झाली की पोहणं बंद. जिल्ह्यात कापूस पेटून राह्यला अन् ग्रेडरची पोरगी पाण्यात डुंबते, हे बरं दिसत नाही.” कापसाचा आणि पोहण्याचा संबंध काय, हे विचारायची सोय नव्हती.

त्यात सप्टेंबरात वरून पत्र आलं. तीनपेक्षा कमी स्पर्धक असतील तर तो प्रकार रद्द. शाल्मली आधी रडली. मग तोंड धुऊन दोन मुली शोधायला निघाली.

पहिली शेजारची गुंजन. तिला जेमतेम न बुडण्यापुरतं पोहता येत होतं. महिनाभर रोज पाणीपुरी, या बोलीवर ती तयार झाली. दुसरी भावसिंग सरांनी सुचवली. “तो अय्यूब मेकॅनिक, आपल्या टाक्याची मोटर दुरुस्त करते तो, त्याची पोरगी पोह्यते म्हंतेत. मामाच्या विहिरीत, बाभुळगावले.”

कशफ आली. पूर्ण बाह्यांचा शर्ट, सलवार, वय चौदा. पाण्यात उतरली आणि पोहण्याच्या टाक्यात सरळ जायचं सोडून गोल फिरून आली.

“काहून वं, गोल काहून जाऊन राह्यली?”

“विहीर गोलच राह्यते नं ताई.”

शाल्मलीनं तिला सरळ जायला शिकवलं. पायाची लाथ कशी मारायची, श्वास कधी घ्यायचा, शेवटी भिंतीला दोन्ही हात एकदम कसे लावायचे, नाहीतर बाद करतात. जे जे स्वतःला येत होतं ते सगळं शिकवलं, आणि तीन आठवड्यांत पोरगी तिच्याहून चांगली पोहायला लागली. भावसिंग सर हळूच म्हणाले, “हे तुले मागं टाकते, बरं.” “टाकू द्या,” शाल्मली म्हणाली. “कोणी तं पाह्यजे नं सर शर्यतीले.” बोलताना मोठी ऐट होती. घरी जाऊन जेवली मात्र नाही.

स्पर्धेच्या दिवशी प्रमुख पाहुणे आले नाहीत. दिल्लीहून कापसाची पाहणी करायला कुठलीशी समिती आली होती आणि जिल्ह्यातल्या साऱ्या गाड्या तिच्यामागे धावत होत्या. भावसिंग सरांनीच नारळ फोडला, शिट्टी वाजवली आणि घड्याळही धरलं.

पहिल्या फेरीला दोघी बरोबर. दुसऱ्या फेरीला कशफ पुढे गेली. शाल्मलीनं जीव तोडून हात मारले, छाती फुटायची वेळ आली, तरी त्या पोरीचे पाय पुढेच. आता संपलं, असं तिला वाटलं, आणि तेवढ्यात पुढचे पाय थांबले. कशफ भिंतीपासून वीतभर अंतरावर, जागच्या जागी पाय हलवत, तिची वाट पाहत होती.

“हात लाव नं!” शाल्मली धापा टाकत ओरडली.

“पह्यले तुम्ही लावा, ताई. अम्मीनं सांगतलं, ज्यानं शिकवलं त्याच्या पुढं नाही जायचं.”

तिच्या अम्मीनं, जोहराबीनं, तसं सांगितलं होतं यात शंका नाही. चांगल्या घरातलं वळण. शाल्मलीला फक्त हात पुढे करायचा होता. पाच वर्षं जे हवं होतं ते वीतभरावर होतं, मागे राहायला एक माणूस खुशीनं तयार होतं, आणि तिला संताप आला. इतका, की डोळ्यांत पाणी आलं.

“तुह्या मेहरबानीनं नाही पाह्यजे मले. लाव.”

“नाही लावत.”

“मी बी नाही लावत.”

भिंतीसमोर दोघी तरंगत भांडत राहिल्या. भावसिंग सरांनी नियमाचं पुस्तक आठवून पाहिलं. यावर त्यात काही नव्हतं. तोवर गुंजन, केस भिजू नयेत म्हणून मान उंच धरून, आपल्या चालीनं येऊन पोचली. “थांबल्या काहून वं?” असं विचारून तिनं शिकवल्याप्रमाणे भिंतीला दोन्ही हात एकदम लावले. जिल्ह्यात पहिली.

मग शाल्मलीनं कशफची दोन्ही मनगटं धरली आणि भिंतीवर आदळली. त्यानंतर स्वतःचे हात लावले. तिघींत तिसरी. सरांनी एकदा दोघींकडे पाहिलं, शिट्टी खिशात टाकली आणि निकाल तसाच लिहिला.

अमरावतीच्या तारखेला गुंजनच्या मावशीचं कळंबला लग्न निघालं. तिनं लग्न निवडलं. दुसरी आलेली कशफ गेली. संगं ताई असेल तरच पोरगी पाठवतो, असं अय्यूबभाईंनी सांगितल्यामुळे शाल्मलीही गेली, आणि पहिल्यांदाच वर प्रेक्षकांच्या बाकावर बसली.

कशफ आठांत पाचवी आली. तिनं भिंतीला हात लावला तेव्हा मागे तीन मुली अजून पाण्यात होत्या. शाल्मलीनं त्या बोटावर मोजल्या, पुन्हा मोजल्या. आनंदानं ओरडून ओरडून तिचा घसा बसला. पोटात जळतही होतं, ते काही खोटं नाही.

खाली जाऊन तिनं टॉवेल पुढे केला. “कसं वाटलं वं? तीन जणी मागं होत्या तुह्या.”

“मागं?” कशफला अजून दम लागलेला होता. “मी तं पुढच्या चौघीइले पाह्यत होती, ताई.”

शाल्मलीनं टॉवेल तिच्या डोक्यावर टाकला आणि खसाखसा केस पुसून दिले, जरा जोरातच.