पाहुणे आले

मी बोलतोय म्हणून नाक मुरडू नका. मी स्टीलचा बेडपॅन. माझा जन्म पातेल्यांच्याच कारखान्यात झाला, पण ती गेली ओट्यावर आणि मी आलो पलंगाखाली.

माझ्या मालकीणबाई शाळेत शिवण शिकवायच्या. त्यांना मल्टिपल स्क्लेरोसिस जडला. या आजारात नसांवरचं आवरण झिजतं आणि मेंदूचे निरोप पोचेनासे होतात. आधी पाय गेले, मग लघवीवरचा ताबा. कधी बसून बसून होत नसे, कधी कळ आली की दम धरवत नसे.

उघड सांगायची लाज वाटे, म्हणून त्यांनी खुणेचा शब्द ठरवला. "अहो, पाहुणे आले," म्हटलं की मालक दुरुस्तीला आलेला पंखा तसाच टाकून मला घ्यायला धावायचे.

"चहाचे की जेवणाचे?" ते विचारायचे. बाई हसायच्या. त्या हसण्यात लाज विरून जायची.

एका दुपारी शाळेतल्या मैत्रिणी भेटायला येणार होत्या. स्वतः शिवलेला निळा ड्रेस घालून बाई बाहेरच्या खोलीत खुर्चीवर बसल्या. "आज मला आजारी दिसायचं नाही," म्हणाल्या.

बेल वाजली आणि नेमकी तेव्हाच कळ आली.

"अहो, पाहुणे आले."

"ऐकलं गं, उघडतोय दार," मालक स्वयंपाकघरातून म्हणाले.

बेल पुन्हा वाजली. "अहो, पाहुणे..." बाईंचा आवाज चिरकला. तोवर दार उघडलं होतं. मैत्रिणी बोलत बोलत आत आल्या आणि खुर्चीखाली बघून थांबल्या.

"पाणी सांडलं वाटतं," एक जण हळूच म्हणाली.

मी आतल्या पलंगाखाली कोरडाच होतो.

त्या दिवसापासून बाईंनी पाणी पिणंच टाकलं. "प्यायलेच नाही तर येतील कुठून?" म्हणायच्या. मालकांनी किती विनवलं. शेवटी लघवीत जंतुसंसर्ग झाला, ताप चढला. डॉक्टरांनी नळी घातली, आणि आता ती कायमची. पिशवी पलंगाला लटकते.

परवा मालकांनी सवयीनं विचारलं, "पाहुणे आले का गं?"

बाई भिंतीकडे बघत म्हणाल्या, "आता ते मुक्कामालाच आलेत."

दोघंही हसले नाहीत.

माझ्यात आता मालक पंख्यांचे स्क्रू ठेवतात. माझं एवढंच मागणं आहे. कुणाच्या दारी गेलात आणि उघडायला वेळ लागला, तर बेल पुन्हा दाबू नका. आत कुणीतरी कुणाला तरी हाक मारत असेल.