मुळात लेखक असलेल्या माणसाची खुर्ची

मी एक फिरती खुर्ची बोलतेय. पाच चाकं, दोन हात आणि पाठीला जाळी. माझ्यावर बसलेल्या माणसांबद्दल मी सहसा बोलत नाही. पण गेल्या महिन्यात माझ्यावर खोटा आळ आला, म्हणून तोंड उघडावं लागतंय.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. सर्दी झालेल्या एका बाईने शिंकत शिंकत माझं पाचवं चाक बसवलं, ते अजून तिरकंच चालतं. पुढे आठ वर्षं मी एका शाळेत मुख्याध्यापकांकडे काढली. ते निर्णय उभ्या उभ्या घेत आणि मग माझ्यावर बसून पस्तावत. ते निवृत्त झाले, शाळेने नव्या खुर्च्या आणल्या आणि मी जुन्या सामानाच्या दुकानात उलटी होऊन पडले.

तिथून मला चष्मेवाल्यांनी उचललं.

चष्मेवाले अठ्ठेचाळीस वर्षांचे. नाक्यावर त्यांचं दुकान. गिऱ्हाईकाला सगळ्यात खालची ओळ वाचायला लावायचे आणि त्याने ती वाचली की हळूच सांगायचे, "मी मुळात लेखक आहे." त्यांच्या डोक्यात अकरा वर्षं एक कादंबरी होती. त्यामुळे जेवणानंतर त्यांना काही काम सांगायचं नाही, अशी घरात पद्धतच पडली होती. बायको दिवसभर आपल्या दुकानात शिलाई मशीन दुरुस्त करून यायची आणि घरी भांडी घासायची. "त्याचा विचार चाललाय," असं चष्मेवाल्यांची आई म्हणायची आणि चष्मेवाले छताकडे बघायचे.

मग वाचनालयाबाहेर फलक लागला. पुढच्या महिन्यात, तीस दिवसांत, पन्नास हजार शब्दांची कादंबरी लिहा; नावं पंचवीस तारखेपर्यंत द्या. गावातल्या निम्म्या लोकांनी तो फलक चष्मेवाल्यांच्याच चष्म्यातून वाचला. जो तो विचारू लागला, "मग, नाव देताय ना?"

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी गत झाली. म्हणून नीट बसून विचार करायला त्यांनी मला आणलं.

रोज संध्याकाळी ते भागाकार करत. दिवसाला सोळाशे सदुसष्ट शब्द. मग हो वाटलं की डावीकडे फिरत, नको वाटलं की उजवीकडे. मला भोवळ यायची. चार-पाच दिवसांत माझ्या लक्षात आलं, की या माणसाला सल्ला नकोच आहे. कोणीतरी त्याला अडवायला हवंय.

पण अडवेना कोणी. आई म्हणाली, "लिही की. तुझं लिहिणं वाचूनच डोळे मिटेन म्हणते." डॉक्टरांकडे पाठ दाखवायला गेले, तर ते म्हणाले, "बसा खुशाल, खुर्ची चांगली असली म्हणजे झालं." भिंगं घासणारा त्यांचा जुना कारागीर तर म्हणाला, "महिनाभर दुकानात नाही आलात तरी चालेल." हे घरी सांगताना त्यांचा चेहरा पडला होता. कारागीर जरा जास्तच पटकन बोलला होता.

पंचवीस तारीख उजाडली. वाचनालय सातला बंद व्हायचं. पाच वाजता बायको दुकानातून आली, तेव्हा ते म्हणाले, "माझी फार इच्छा होती गं. पण ही खुर्ची करकरते. चित्त लागत नाही."

नाचता येईना, अंगण वाकडं. आणि अंगण कोण, तर मी.

बायकोने पिशवीतून तेलाची बाटली काढली, मला उलटं केलं, चार थेंब सोडले आणि पुन्हा सरळ केलं. "बसा."

ते बसले. फिरले. मी हूं की चूं केलं नाही.

मग ते खाली बघत म्हणाले, "कादंबरी नाहीये गं."

"अकरा वर्षं?"

"आधी होती बहुतेक. सांगून सांगून संपली. आता फक्त शेवटचं वाक्य उरलंय."

"काय आहे?"

"'आणि तो मागे वळूनही न बघता निघून गेला.'"

"कोण?"

"ते ठरायचंय."

ती हसली नाही. पलंगाच्या काठावर बसली. "हे बघा, अजून वेळ आहे. वाईट लिहा, पण लिहा. महिनाभर मी चहा आणून देईन, तुमच्या खोलीत कोणाला पाऊल टाकू देणार नाही. नाहीतर आजपासून भांडी तुमची. 'विचार चाललाय' हे आता चालायचं नाही."

"अगं, पण तो…" बाहेरून आईचा आवाज आला.

"आई, तुम्ही मधे पडू नका."

साडेसहाला त्यांनी चप्पल घातली. काढली. पुन्हा घातली आणि दारापर्यंत गेले. सातचे ठोके पडले तेव्हा ते दारातच होते. जेवणं झाल्यावर ते मुकाट्याने मोरीकडे गेले. पहिल्याच दिवशी एक बशी फुटली.

पण पुढच्या आठवड्यात मोरीतून त्यांचं बोलणं ऐकू येऊ लागलं. हात साबणात, तोंड मोकळं. एकाला म्हणे बिननंबरचा जाड चष्मा हवा होता, का तर जावई दबून राहतो. एक आजीबाई नव्या चष्म्यातून नवऱ्याला बघून म्हणाल्या, "जुनाच बरा होता." आजोबा विचारत राहिले, "चष्मा का मी?" आई आणि बायको पोट धरून हसायच्या. अकरा वर्षांत या घरात इतकं हसू मी… छे, मी तर आत्ताच आलेय. पण भिंतींनाही ते नवं वाटत असावं.

एकदा बायको म्हणाली, "हे लिहून का नाही काढत?"

पाण्याचा आवाज थांबला. "बघू," ते म्हणाले, "विचार करतो."

"विचार नका करू," ती म्हणाली. "ही कढई घ्या."

मी आता तिच्या दुकानात असते. ती माझ्यावर बसते, मशीन उघडते, दोष सापडला की काढते आणि उठते. दिवसभरात मला एक गिरकी मिळाली तरी पुष्कळ. मी खूश आहे. तुम्हाला एवढीच विनवणी करते, की खुर्ची आणाल तेव्हा बसून काहीतरी करायचं ठरवूनच आणा. आणि जमलं नाही, तर सरळ उठा. आम्हाला नावं ठेवू नका.