पुतळाबाईची भिंत

नेरूळची ती खोली पुतळाबाईच्या नावावर होती. घरात सगळ्यांना ते ठाऊक होतं, बोलत मात्र कुणी नव्हतं. पंच्याऐंशी साली तिचा नवरा गेला आणि दीर गोटीराम बायकोला, गोजराला, घेऊन बीडकडून राहायला आला. त्याला न्हावा शेव्याला बंदराचं काम लागलं होतं. वर्षभरात पुतळाबाईची गादी खिडकीपासून सरकत सरकत मोरीच्या दाराशी आली.

तेव्हा तिने खोलीत मधोमध भिंत घालायचं ठरवलं. ती बेलापूरच्या ज्या कचेरीत शिपाई होती, तिथे केबिनी करताना जिप्समची बोर्डं उरली होती. दोन कागदांत खडू भरावा तशी. साहेबांना विचारून तिने ती आणली आणि शिरवण्याच्या जयदेव सुताराला रविवारी बोलावलं. खिडकीकडची बाजू तिची, दाराकडची दिराची.

गोटीरामने नाही म्हटलं नाही. सुताराला बाजूला घेऊन एवढंच सांगितलं की खिळेच मार, वहिनी दिवाळीला कायमची भावाकडे जाणार आहे, मग भिंत एका हिसक्यात निघाली पाहिजे. लाकडाची चौकट उभी झाल्यावर जयदेवने भाबडेपणाने पुतळाबाईलाच विचारलं, भावाकडे कायमच्या कधी निघणार?

भाजी चिरता चिरता तिचा हात थांबला. विळी आडवी करून ती उठली, दुकानातून स्क्रूंचा पुडा घेऊन आली आणि जयदेवपुढचे खिळे बाजूला सारून तिथे ठेवला.

गोटीराम हसला. “एवढ्याशा भिंतीला स्क्रू? वहिनी, किल्ला बांधता का काय?”

“जाणारं माणूस खिळे ठोकतं, भावजी. मी कुठं चालले?”

गोटीराम चपला घालून बाहेर गेला.

जयदेवचीही एक खोड होती. स्क्रू तो हातोडीनेच ठोकायचा आणि शेवटी नावापुरता दोनदा फिरवायचा. नुसत्या लाकडात ते खपून जायचं. इथे पहिल्याच घावाला कागद फाटला, पांढरी भुकटी गळाली. पुतळाबाईने तो स्क्रू दोन बोटांनी उपसून त्याच्या तळहातावर ठेवला. सगळे असंच करतात, कोण बघतंय, असं तो पुटपुटला.

“मी बघतेय,” ती म्हणाली. “तू गिरमिटाने भोकं पाड. फिरवायचं मी बघते.”

कपड्याच्या साबणावर स्क्रू घासायचा, भोकात धरायचा आणि फिरवत राहायचं. डोकं कागदात जेमतेम रुतलं की थांबायचं. दहाव्या स्क्रूला तळहात लाल झाला, तिसाव्याला फोड फुटला. गोजरा मुकाट्याने येऊन दुसऱ्या बाजूने बोर्ड दाबून उभी राहिली. ऊन कलेपर्यंत भिंतीला दारही बसलं.

तिन्हीसांजेला गोटीराम परतला. त्याने भिंतीला आधी पंजा लावला, मग खांदा. दोन-तीनदा रेटून पाहिलं. गोजरा स्टोव्हला पंप मारत होती, तिने मान वर केली नाही. शेवटी त्याने मधल्या दारावर टकटक केलं.

आतून पुतळाबाईचा आवाज आला, “थांबा भावजी. कडीचा एक स्क्रू राहिलाय.”