सत्तर ठोके

भिमाजीनं लग्नात जावयाला मनगटी घड्याळ घातलं होतं. ते खऱ्या अर्थानं कामाला आलं नऊ वर्षांनी, आणि तेही वेळ बघायला नाही, तर मनकर्णाची नाडी मोजायला. तोवर त्या घड्याळाचं काम एवढंच, की रंगनाथनं सदऱ्याची बाही वर सारून खर्डा गावच्या बाजारात हिंडायचं आणि कुणी "किती वाजलं?" म्हटलं की हात लांब करून, डोळे बारीक करून सांगायचं. त्यानं सांगितलेली वेळ घेऊन कुणाला कुठं जायचं नसायचं, ही गोष्ट वेगळी.

मनकर्णा ही रंगनाथची बायको, भिमाजीची थोरली लेक. दहा वर्षांची असताना तिचे सांधे सुजले आणि दोन महिने ती अंथरुणाला खिळली. सांधे बरे झाले, पण दुखण्यानं जाता जाता छातीत घर केलं. पुढं नांदायला आल्यावर ते जाणवायला लागलं. पाण्याची घागर डोक्यावर घेतली की टोपलीखाली कोंडलेल्या कोंबडीगत काळीज फडफडायचं. मध्येच एखादा ठोका गळायचा आणि अंधारात पायरी चुकल्यागत तिला वाटायचं. सासू छबूबाई म्हणायची, "कामाच्या नावानं हिच्या पोटात गोळा." पोटात दुसरं काही राहत नव्हतं, त्याचाही राग त्यातच होता.

सन एकाहत्तरच्या गौरी-गणपतीनंतर मनकर्णा आडावर चक्कर येऊन पडली. दोरी हातातून सुटली, पोहरा आडात गेला. पोहरा गेला म्हटल्यावर घरात खळबळ उडाली आणि रंगनाथनं तिला नगरच्या डॉक्टरकडं नेलं.

डॉक्टर म्हातारा होता, बोलायला तिखट. त्यानं बराच वेळ नळी लावून ऐकलं. म्हणाला, "काळजातली झडप अरुंद झालीय. त्यामुळं ठोका बेताल पडतो. पुण्याला ऑपरेशन करून घ्यावं लागेल. मी चिठ्ठी देतो, तारीख संक्रांतीनंतरची येईल. तोवर अंगात ताकद यायला हवी, मूल राहता कामा नये, राहिलंच तर आधी मला येऊन सांगायचं, आणि ही गोळी रोज सकाळी." मग त्यानं रंगनाथच्या मनगटाकडं पाहिलं. "सेकंदकाटा आहे का त्याला? छान. गोळी द्यायच्या आधी पुरा एक मिनिट नाडी मोजायची. साठाच्या खाली भरली तर त्या दिवशी गोळी नाही."

मनकर्णा पडद्याआड चोळीची गाठ मारायला गेली. तेवढ्यात डॉक्टर रंगनाथला आणखी काहीतरी बोटं मोजून सांगत होता आणि रंगनाथ नंदीबैलागत मान हलवत होता. काय ते तिला ऐकू आलं नाही. नवऱ्यानं ऐकलंय, म्हणजे झालं, असं तिला वाटलं.

पुढचा दीड महिना मनकर्णा कधी विसरली नाही. ऊन अंगणात उतरलं की रंगनाथ उंबऱ्यावर बसायचा, तिचं मनगट धरायचा आणि घड्याळावर नजर लावून ओठातल्या ओठात मोजायचा. नऊ वर्षांत त्यानं दिवसाउजेडी तिचा हात धरला नव्हता. आकडे रोज वेगळे यायचे. ब्याऐंशी, शहात्तर, एक्क्याण्णव. एकदा अठ्ठावन्न भरले, तर त्यानं गोळी परत डबीत ठेवली आणि "आज ऱ्हाऊ दे," म्हणाला. त्या दिवशी तिला भाकरीबरोबर दुसरं काही लागलं नाही.

ती बाहेर बसली म्हणजे पंचाईत व्हायची, कारण चार दिवस तिला शिवायचं नाही. मग तो अंगणात उभा राहून "हं, सुरू" म्हणायचा आणि मिनिट भरलं की "झालं." मधले ठोके ती स्वतः मोजायची. तिला विसापर्यंतच येत होतं. एक वीस झाले की एक बोट मुडपायचं. "तीन ईसा अन् अकरा," ती सांगायची, आणि शाळेत पहिला नंबर आल्यागत हसायची.

पण नव्याची नवलाई नऊ दिवस. गावातल्या हॉटेलात मच्छिंद्र म्हणून एक टवाळ बसायचा. तो एकदा सगळ्यांदेखत म्हणाला, "रंगनाथराव, सकाळ सकाळ बायकूचा हात धरून बसता म्हनं! बांगड्या भराय बसल्यागत!" सगळं हॉटेल हसलं. रंगनाथही हसला, पण त्या हसण्यानं त्याच्या पुरुषपणाला भोक पडलं ते पडलंच. असल्या भोकातून बायकोचा जीव गेला तरी चालतो, बाहेर हसू झालेलं चालत नाही. दुसऱ्या दिवसापासून तो उभ्या उभ्याच मनगट धरायचा, इकडंतिकडं बघायचा आणि म्हणायचा, "सत्तर. घे गोळी."

त्यानंतर रोज सत्तरच. दिवाळी गेली, बांगलादेशाची लढाई झाली, गावोगाव पेढे वाटले, मनकर्णाचे ठोके मात्र सत्तरावरून हलले नाहीत. भोळी बाई! तिला वाटलं, गुण आला. आतून कसंतरीच होत होतं, ठोके खोल गेल्यागत, संथ, मध्येच लांब खाडा. पण घड्याळ खोटं कसं बोलेल? तिनं मारुतीला गूळ-खोबरं ठेवलं. पुण्याहून कार्ड आलं, संक्रांतीनंतरचा सोमवार. त्या दिवसासाठी तिनं लुगडं धुऊन, घडी घालून उतरंडीमागं ठेवलं. हातातल्या बांगड्या काढाव्या लागतील का, एवढंच तिला पुन्हा पुन्हा विचारावंसं वाटत होतं. तिला जगायचं होतं. एवढं साधं होतं ते.

मार्गशीर्षात तिला उलट्या सुरू झाल्या. अन्न नको, पाणी नको, भाकरीचा वासही सोसेना. दोन महिने ती बाहेर बसलेली नव्हती. छबूबाईनं बोटं मोजली आणि नऊ वर्षांत पहिल्यांदा सुनेच्या डोक्यावरून हात फिरवला.

"आत्याबाई," मनकर्णा म्हणाली, "मला समदं पिवळं दिसतंय. भिताडं, गुरं, तुमचं लुगडं बी. हळदीत बुडवल्यागत."

"अगं बया!" छबूबाईनं कानशिलावर बोटं मोडली. "देवानं भंडारा उधळला की गं! खंडोबाचा परसाद हाय तुझ्या पोटात."

हे ऐकताना रंगनाथ दारातच उभा होता. उलटी आणि पिवळं, हे दोन शब्द कुठंतरी ऐकल्यागत त्याला वाटले. पण आई एवढी आनंदात, शिवाय हॉटेलात मच्छिंद्रला दाखवायला तोंड मिळालेलं. त्यानं तो विचार माशी उडवावी तसा उडवला.

"पन डाक्टर म्हनला हुता, मूल ऱ्हायलं तर आधी येऊन सांगा," मनकर्णा म्हणाली.

"पोटुशी बाई कुनी कापाय नेतं व्हय?" छबूबाई कडाडली. "बाळातपन हू दे. काळीज काय पळून जातंय?"

रंगनाथनं पुण्याला कार्ड टाकलं, की बायको गरोदर असल्याकारणानं येता येत नाही. तो सोमवार आला तसा गेला. मनकर्णा उतरंडीमागच्या लुगड्याकडं बघत दिवसभर आडवी पडून होती. गोळी मात्र चुकली नाही. "सत्तर. घे."

गुरुवारी सकाळी तिला कावळा शिवला.

छबूबाईनं पदर तोंडाला लावला आणि मेल्या माणसाला रडावं तशी रडली. मग तोंड पुसून म्हणाली, "खाल्लं हिनं. देवाचं दान बी खाल्लं." रंगनाथ तणतणत बाहेर आला. हातातलं घड्याळ काढून त्यानं पडवीत, तिच्यापुढं फेकलं. "घे! तुझी तूच मोज आता. मला रानात जायचंय."

तिच्या अंगात हात उचलायचंही त्राण नव्हतं. गोळी न घेता ती तशीच कुडाला टेकून पडली. दुपारी ऊन पडवीच्या वळचणीला आलं, तेव्हा कुठं तिनं घड्याळ उचललं. आकडे तिला वाचता येत नव्हते. पण काट्यांची जागा तिच्या ओळखीची होती. लहान काटा डावीकडं खाली झुकलेला, मोठा उजवीकडं वर. रोज सकाळी गोळीच्या वेळी ते असेच दिसायचे. वेळ रोज तीच, म्हणून काटेही तिथंच, असं ती इतके दिवस समजत आली होती. आता तर सूर्य डोक्यावर होता.

तिनं घड्याळ कानाला लावलं. लग्नाआधी बापानं ते घरी आणलं, तेव्हा सगळ्या भावंडांच्या कानाला एकेकदा लावलं होतं. आत मुंगी चालल्यागत आवाज यायचा. आता आत कुणीच नव्हतं.

दिवेलागणीला रंगनाथ आला, तेव्हा तिनं घड्याळ पुढं धरलं. "हे कवापासनं बंद हाय?"

"पानी गेलं त्यात. दिवाळीच्या आधी, हिरीवर."

"मंग सत्तर?"

रंगनाथनं पायातली वहाण काढली, पुन्हा घातली. "डाक्टर म्हनला हुता, साठाच्या वर पायजेत. म्या वर धा सांगत हुतो. कमी तर सांगितले न्हाईत?"

मनकर्णाला रडू आलं नाही. तिला त्याची किळस आली, आणि तीन महिने त्या हातानं आपलं मनगट धरलं होतं याची लाज वाटली. गूळ-खोबरं ठेवलं त्याची तर जास्तच.

दुसऱ्या दिवशी भिमाजी आला. लेक पोटुशी असल्याचा सांगावा त्याला उशिरा पोचला होता. धोतराच्या सोग्यात त्यानं चिंचा आणि बोरं बांधून आणली होती. लेक पडवीत बाजूला बसलेली बघून तो समजला. तिनं एका दमात सगळं सांगितलं. त्यानं सोगा तिथंच सोडला, बोरं अंगणभर घरंगळली.

"चल, नगरला."

"चार दिस तर हू द्या," छबूबाई मध्ये पडली. "इटाळशी बाई यष्टीत बसवता?"

"इहीनबाई," भिमाजी म्हणाला, "तुमच्या सवळ्यात माझी लेक न्हाई मावायची."

दवाखान्याचे कागद रंगनाथकडं होते, म्हणून तोही मागच्या बाकावर बसून आला.

डॉक्टरनं मनकर्णाचं मनगट धरलं आणि भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत राहिला. बेचाळीस. त्यानं पुन्हा मोजले. पुन्हा बेचाळीस.

"घरी रोज किती भरत होते?"

"सत्तर," रंगनाथच्या तोंडून सवयीनं निघून गेलं.

डॉक्टरनं त्याच्या मोकळ्या मनगटाकडं पाहिलं, मग मनकर्णाच्या मुठीतल्या घड्याळाकडं. हात पुढं करून त्यानं ते घेतलं, कानाला लावलं आणि टेबलावर ठेवलं. "उलट्या झाल्या, पिवळं दिसायला लागलं, तर काय करायचं सांगितलं होतं मी तुम्हाला?"

रंगनाथ खाली बघत म्हणाला, "आई म्हनली, पोटुशी हाय."

तेव्हा मनकर्णाला कळलं, त्या दिवशी पडद्यापलीकडं डॉक्टर बोटं मोजून काय सांगत होता ते.

"मूल नव्हतं ते," डॉक्टर तिच्याकडं वळून म्हणाला. आवाज तिखट नव्हता. "अंगात रक्त नाही, म्हणून पाळी लांबली. आणि गोळी अंगात साठत गेली. औषधाचं विष झालं. काल-आज गोळी घेतली नाहीस म्हणून इथवर आलीस. आठ दिवस खाटेवर राहा. पुण्याची तारीख मात्र दुसऱ्या कुणाला गेली. मी पुन्हा लिहितो. वैशाखात मिळाली तर मिळाली."

"तवर ऱ्हाईन का मी?"

"नाडी कुणीतरी खरी मोजली, तर राहशील."

भिमाजी टेबलावरचं घड्याळ घेऊन उठला आणि बाजारात गेला. तास-दीड तासानं परतला, तेव्हा ते चालत होतं. घड्याळजीनं ते उघडून, पुसून, गंज काढून दिलं होतं. खाटेवर पडल्या पडल्या मनकर्णानं ते कानाला लावलं. मुंगी चालत होती. मग तिनं नर्सबाईला जवळ बोलवलं आणि बारीक काटा कुठून निघाला की कुठं येईपर्यंत मोजायचं, ते विचारून घेतलं. दोनदा चुकली, तिसऱ्यांदा जमलं. दोन ईसा अन् तीन.

ऊन कलल्यावर रंगनाथ खाटेशी आला. गुरांचं बघायला हवं, शेवटची गाडी आहे, असं काहीतरी बोलला. भिमाजी बाहेर पाणी आणायला गेला होता. रंगनाथ जाईना, नुसता घुटमळत उभा राहिला. मनकर्णाला वाटलं, आता काही बोलेल. चुकलो म्हणेल. निदान कसं वाटतंय ते तरी विचारेल. एवढं सगळं होऊनही तिला तसं वाटलं, आणि तिला आपलाच राग आला.

"चालू झालं म्हनं?" त्यानं तिच्या मनगटाकडं बोट केलं.

"व्हय."

"मंग तेवढं दे की. तुला हितं भिताडावर घड्याळ हाय." त्यानं बाही खाली ओढून मनगट झाकलं. "गावात रिकाम्या हातानं गेलो, तर चार लोक काय म्हनतील? कुनी इचारलं किती वाजलं, तर काय सांगू?"

मनकर्णानं पट्टा आणखी एका भोकानं आवळला. मनगट बारीक होतं, तरी बसला.

"सत्तर सांगा," ती म्हणाली.